दाखवायची आळी

"स्वतःची पातळं दुसऱ्याच्या दोरीवर वाळत घालायची पाळी येईल, असं माझ्या बापानं मला लग्नात सांगितलं न्हवतं," ठमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपलं डाळिंबी पातळ झटकून अप्पाभाऊजींच्या ओसरीतल्या दोरीवर टाकलं.

कुंडलिकआबा किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन मागं उभे होते. त्यांनी मान तिरकी करून दोरीकडं पाहिलं आणि म्हणाले, "जरा रस्त्याच्या अंगाला घे. गाडीतनं दिसाय पायजे."

"आणि दिसून काय व्हायचं?"

"दोरीवर पातळ दिसलं की घरात बाई हाय. बाई हाय म्हंजे संसार हाय."

"मग मलाच फिरवा की सगळ्या घरांतनं. ह्या दारानं आत, त्या दारानं भाहेर. अख्खी आळी भरंल."

आबांना मनातून ती कल्पना तितकीशी वाईट वाटली नव्हती.

तरटवाडीच्या त्या आळीत आता राहतं घर एकच उरलं होतं, ते आबांचं. बाकी सगळी भावकी ओढ्यावरचा पूल ओलांडून बारामतीला गेली होती. ओढ्याच्या अलीकडं इंदापूर तालुका आणि पलीकडं बारामती. मधे पाणी घोटाभर, पण त्याच्या पलीकडं गेलेला माणूस यात्रेशिवाय परत येत नसे. जाताना प्रत्येकानं घराला कुलूप लावून किल्ली आबांच्या हातात दिली आणि "लक्ष असू दे" म्हणून सांगितलं. आबांनी ते मनावर घेतलं. ते आठवड्याला सगळी घरं झाडून काढत आणि दिवेलागणीला एकेक कुलूप काढून प्रत्येक दाराशी बल्ब लावत. निजायच्या आधी पुन्हा फेरी मारून विझवत. ठमाबाई त्यांना वायरमन म्हणत. "दाराशी अंधार बरा न्हवं," एवढंच आबांचं म्हणणं असे.

दिव्यांनी रात्र निभावत होती, पण सोयरीक जुळवायला लोक येत ते दिवसा. आबांच्या मुलाला, अविराजला, बघायला आधी जे जे आले, ते आळीतून कुलपं बघत बघत घरापर्यंत पोचले, पोहे खाल्ले, पेरूची बाग छान आहे म्हणाले आणि दोन दिवसांनी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवते झाले. एका मुलीच्या मामानं तर चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारलं होतं, "हितं काय साथ आली होती काय हो?" तो प्रश्न आबांच्या जिव्हारी लागला होता. त्यात मागच्या आठवड्यात अविराजनं जेवता जेवता सांगून टाकलं की भवानीनगरच्या सुप्रियाचं हे स्थळ जमलं तर ठीक, नाहीतर तोही बारामतीला कंपनीत लागणार, खोलीसुद्धा बघून ठेवली आहे. पोरगा शांतपणे बोलला आणि ताक मागून घेतलं. आबांचा घास मात्र तोंडातच फिरत राहिला. साऱ्यांच्या किल्ल्या आपल्याकडं. आपल्या घराला कुलूप लागलं तर ती किल्ली ठेवायची कुणाकडं, हे त्यांना सुचेना.

म्हणून हा बेत. भावकीला फोन गेले की रविवारी सकाळी बायकापोरांसह यायचं, आपापल्या ओसरीत बसायचं आणि कायम इथंच राहत असल्यासारखं वागायचं. भावकीनं आधी आढेवेढे घेतले. मग आबांनी भिगवणच्या माशांचं जेवण कबूल केलं आणि सगळ्यांना अचानक गावची ओढ लागली.

"आबा, जरा ऐका," गाडीला किक मारता मारता अविराज म्हणाला. "सुप्रियाला मी फोनवर सगळं..."

"तू फोनवर काय बोलायचं ते बोल. हितलं मला बघू दे. आधी भिगवणला जा. चिलापी ताजी बघून घे."

"अहो पण ती जे बघायला येणार हाय ना..."

"जा म्हणलं ना! उशीर झाला तर उरलेले मासे मिळतील."

अविराजनं आईकडं बघितलं. ठमाबाईंनी खांदे उडवले. तो गेला.

*

नऊच्या सुमारास पुलावरून गाड्या उतरू लागल्या. आबांचे धाकटे भाऊ अप्पा शाळेत क्लार्क म्हणून बारामतीला गेले ते तिथंच निवृत्त झाले. त्यांचा मुलगा राजवर्धन स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये भूगोल शिकवायचा आणि सून मोना पतसंस्थेत होती. मागोमाग बाकीचे चुलत भाऊ आले. थोड्याच वेळात आळीत पोरांचा असा गलका झाला की आबांना भरून आलं. हे सगळं खोटं आहे हे ठाऊक असूनही ते एकदा टोकापर्यंत जाऊन, उगाचच मागं वळून आले.

पाहुणे यायला अवकाश होता. पुरुष मंडळी अप्पांच्या ओसरीत टेकली आणि विषय निघाला तो नेहमीचाच, आपली वाडी मागं का पडली.

"शाळेमुळं," अप्पा म्हणाले. "मास्तर टिकंनात. मी काय हौसेनं गेलो व्हय?"

"शाळा नंतर. आधी बस बंद झाली," एक चुलत भाऊ म्हणाला.

राजवर्धननं घसा साफ केला. क्लासची सवय. "ह्याला एक शास्त्र आहे, आबा. माणसं कमी झाली की सुविधा कमी होतात, सुविधा कमी झाल्या की माणसं जातात. जिल्हा असो, राज्य असो, सगळीकडं हेच. शेजारी पुढं गेला की तो आपली माणसं ओढून घेतो. ओढ्यापलीकडं बघा, माणसं टिकली, म्हणून दुकानं टिकली."

"आणि माणसं का टिकली?" चहा घेऊन आलेल्या ठमाबाईंनी विचारलं.

"कारण तिकडं सुविधा होत्या."

"म्हंजे फिरून तितंच आलास. तुमी गेला म्हणून बस बंद झाली, का बस बंद झाली म्हणून तुमी गेला, एवढं सांग मला."

सगळे हसले. राजवर्धनही हसला. चहा बरा झाला होता, तेव्हा उत्तराची कुणाला गरजही वाटली नाही.

आबा पाण्याचा तांब्या घ्यायला घरात गेले तेव्हा स्वयंपाकघरात मोनाचा आवाज हलका झालेला होता. "मोठ्या आई, रागावू नका, पण अविराजभाऊजींना बारामतीलाच पाठवा. आमच्या खालचा फ्लॅट मोकळा होतोय. मुलीकडच्यांना हल्ली तेच लागतं. किती दिवस असं नाटक करायचं?"

"त्यांना कोण सांगणार?" ठमाबाई म्हणाल्या. जरा थांबून पुढं म्हणाल्या, "तूच घाल विषय पाव्हण्यांपुढं. पोराच्या डोक्यावर अक्षता पडू देत. मग तो कुठं का ऱ्हाईना."

आबा तांब्या न घेताच परत फिरले. सकाळपासून टोमणे मारणारी ही बाई निदान आपल्या बाजूनं टोमणे मारते आहे, असं त्यांना वाटत होतं. त्यांना वाईट वाटलं आणि बायकोचा रागही येईना, कारण पोराची आई म्हणून तिचं चुकतही नव्हतं.

*

पाहुणे आले. सुप्रिया, तिचे वडील आणि आत्या साखरबाई. वडील साखर कारखान्याच्या शेतकी विभागात होते, मोजकं बोलणारे. त्यांची कसर साखरबाई भरून काढत होत्या.

"अगं बया, केवढं गजबजलंय!" गाडीतून उतरताच त्या म्हणाल्या. "आणि आमाला कुणीतरी सांगितलं, आळी ओस पडलीय. लोकांच्या जिभेला काय हाडच न्हाय."

आबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते पाहुण्यांना मुद्दाम सावकाश चालवत, दोन्ही बाजूंनी रामराम घडवत घेऊन निघाले. एक चुलत भाऊ चुकून दुसऱ्याच्याच घरातून, कडीशी झटापट करत, बाहेर आला, पण आला तो दात कोरत आला, त्यामुळं तेही खपून गेलं. अप्पांच्या घरासमोर आबा अंमळ जास्तच रेंगाळले. रस्त्याकडंचं मोठं घर, पुढं पत्र्याची शेड, शेडीत राजवर्धन पेपर वाचतोय, ओसरीत पातळं वाळताहेत. संसार कसा ओसंडून वाहत होता.

फक्त एक गोष्ट आबांना कळेना. आळीत जसजशी माणसं दिसत होती, तसतसं सुप्रियाचं तोंड उतरत चाललं होतं. अप्पांच्या घरापाशी तर ती थबकली. पातळांकडं तिनं असं पाहिलं की जणू ती तिच्याच दोरीवरून कुणी ढापून आणली होती.

घरी बसल्यावर पोहे झाले. मोनानं ठमाबाईंकडं पाहिलं, ठमाबाईंनी खाली जमिनीकडं पाहिलं आणि मोना गोड आवाजात म्हणाली, "राहण्याची तुम्ही अजिबात काळजी करू नका. लग्नानंतर अविराजभाऊजी बारामतीलाच येणार आहेत. फ्लॅट आमच्या खालीच बघून ठेवलाय."

सुप्रियाच्या वडिलांनी चमचा खाली ठेवला. "बारामतीला? मग आमी निघतो, कुंडलिकराव."

साखरबाईंनीही पोह्यांची बशी खाली ठेवली.

"आवो, असं काय करता? बारामती म्हंजे..." अप्पा म्हणाले.

"बारामती चांगलीच हाय. आमच्या भवानीनगरासनं काय लांब हाय? पर पोरीच्या मनात येगळं होतं. तूच सांग गं."

सुप्रियानं पदर सावरला आणि सरळ आबांकडं बघून बोलायला लागली. "आबा, मी लोणी देवकरला फळांच्या कंपनीत पॅकिंगवर सुपरवायझर आहे. तुमच्या इथला पेरू कसाही पाट्या भरून जातो आणि बाजारात मार खातो. तोच धुऊन, निवडून, जाळी घालून भरला की दुकानदार दारात येतो. मला ते स्वतःचं करायचंय. अविराज फोनवर म्हणाले होते, आळीत रस्त्याकडंला एक मोठं घर आहे, पुढं शेड आहे, बोअरला पाणी आहे. वर्षानुवर्षं बंद आहे आणि घरातल्याच माणसाचं आहे. मी घर बघायला आले ते हे नाही." तिनं हळूच भोवतीच्या भिंतींकडं हात केला. "ते. पण तिथं तर माणसं राहतात. पातळंही वाळत होती."

त्याच वेळी अविराज माशांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. सगळ्यांचे चेहरे पाहून त्याला काय ते उमगलं. "मी सकाळी हेच सांगत होतो, आबा," तो म्हणाला.

कुंडलिकआबांना आयुष्यात इतकं ओशाळं कधी वाटलं नव्हतं. आळीत दाखवण्याजोगं जे एकच होतं, ते त्यांनी बायकोच्या पातळांखाली झाकून ठेवलं होतं. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली.

"पोरी," ते म्हणाले, "ती पातळं हिची हायत."

"कुणाची?"

"आमच्या हिची. त्या घरात कुणी ऱ्हात न्हाय. कुणाच्याच घरात कुणी ऱ्हात न्हाय. ही सगळी माणसं बारामतीची हायत, संध्याकाळी जातील. तुमाला आळी भरलेली दिसावी म्हणून बोलावली."

मग साखरबाईंना हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. त्या हसल्या तशी सुप्रिया हसली, तिचे वडील मिशीतल्या मिशीत हसले आणि ठमाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. "तो दात कोरणारा," साखरबाई डोळे पुसत म्हणाल्या, "मला वाटलंच! कडी न्हाय काढता येत हुती त्याला स्वतःच्या दाराची."

हसणं ओसरल्यावर मात्र सगळ्यांची तोंडं आपोआप अप्पांकडं वळली. घर त्यांचं होतं.

"अप्पा, बोल," आबा म्हणाले.

"बघू की," अप्पा म्हणाले.

"बघू काय, मामंजी?" मोनाचा गोडवा संपला. "त्या घरात पेरू धुणार? आणि यात्रेला आम्ही उतरायचं कुठं?"

"तसं नाही आबा," राजवर्धन म्हणाला, "एकदा दिलं की हातचं जातं. उद्या रस्ता मोठा होईल, जागेला किंमत येईल. थांबायला काय हरकत आहे?"

"रस्ता कुणासाठी मोठा व्हईल रं?" हे ठमाबाई. त्या केव्हा उठून सुप्रियाच्या शेजारी जाऊन बसल्या, ते मोनालाही कळलं नव्हतं. "तुझ्या कुलपासाठी?"

सुप्रियाचे वडील उठले. "तुमी घरात ठरवा आणि कळवा. पोरगा आमाला पसंत हाय. पर ती हितं आली तर काम कराय येईल, कुलपांची राखण कराय न्हाय." दारातून सुप्रियानं मागं वळून अविराजकडं पाहिलं. त्यानं नजर चुकवली. त्याच्या हातात माशांची पिशवी तशीच होती.

*

मासे उत्तम झाले होते, पण पंगत मुक्यानं उठली. अप्पांनी हात धुताना फक्त "पोरगी चांगली हाय," एवढं म्हटलं.

आबा एकटेच ओट्यावर बसून विचार करत राहिले. इतकी वर्षं ते वाडीच्या मागासपणाचा दोष कधी ओढ्याला देत आले, कधी बसला. आज त्यांना भावकीकडं बघून राग यायला हवा होता. पण यांच्यातलं वाईट कुणीच नव्हतं. पोटासाठी जो तो गेला, त्यात गैर काय? फक्त जाताना प्रत्येकानं आपली जागा अडवून ठेवली होती. तीही हावेनं नाही, मायेनं. घरावर जीव आहे म्हणून विकायचं नाही, जीव आहे म्हणून द्यायचंही नाही, आणि जीव आहे म्हणून राहायलाही यायचं नाही. त्या मायेला ते स्वतः रोज संध्याकाळी दिवा लावत आले होते. हे लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःचाच फार राग आला.

गाड्या निघायची वेळ झाली तसे ते जुडगा घेऊन आळीत आले आणि एकेक किल्ली सोडवून ज्याची त्याच्या हातात देऊ लागले.

"हे काय, दादा?" अप्पांनी विचारलं.

"तुझ्या घराची किल्ली. उद्यापासनं ज्यानं त्यानं आपलं घर झाडायचं आणि आपला दिवा आपण लावायचा. माझी खोली बारामतीत बघून ठेवलीच हाय पोरानं."

"चिडलास व्हय?"

"चिडलो न्हाय. दमलो."

ठमाबाई अप्पांच्या ओसरीतून पातळं गोळा करून बाहेर आल्या. "माझंबी काय ऱ्हायलं न्हाय आत," त्या म्हणाल्या. "घाला कुलूप."

अप्पांनी कुलूप घातलं. गाड्या एकामागून एक पुलाकडं गेल्या. धूळ बसली तशी आळी एकदम एवढीशी झाली.

दिवेलागणीला आबा सवयीनं उठले, किल्ल्यांच्या कोनाड्यात हात घातला. कोनाडा मोकळा होता. ते परत येऊन बसले. अविराज आतून दोनदा येऊन त्यांच्याकडं बघून गेला. हातांचं काय करावं ते आबांना कळेना, म्हणून त्यांनी ते मांडीखाली घातले. तेवढ्यात फोन वाजला.

"दादा, लाईट गेलीय का रं?" अप्पांचा आवाज होता.

"न्हाय. आमच्यात हाय. तू अजून पोचला न्हाईस?"

"पुलाअलीकडं टपरीवर चहाला थांबलो होतो. आता पुलावर हाय. राजवर्धनला गाडी थांबवायला लावलीय." अप्पा घुटमळले. "मी दर खेपेला हितनं मागं वळून बघतो. आपलं घर दिसंना."

"अरं अप्पा, ते आपोआप दिसत न्हवतं. मी दिवा लावायचो म्हणून दिसायचं."

पलीकडून नुसता गाडीचा इंडिकेटर टिकटिकत होता. मग मोनाचा आवाज आला, राजवर्धनचा आला आणि फोन कट झाला.

थोड्या वेळानं पुलाच्या बाजूनं दोन दिवे वळले. अप्पांची गाडी आळीत शिरली आणि त्यांच्याच घरासमोर थांबली. अप्पा उतरले. आबा उठून पुढं झाले, पण अप्पा त्यांना ओलांडून अविराजकडं गेले आणि किल्ली त्याच्या हातात ठेवून वर आपला हात दाबून धरला.

"पोरीला फोन लाव."

"काय सांगू, अप्पा?"

"म्हणावं, घर रिकामं हाय. कधी येतीस?"

'रिकामं' हा शब्द इतकी वर्षं या आळीत कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता. आबांना वाटलं होतं तो ऐकताना काळीज चिरेल. उलट त्यांना हलकं वाटलं.

"आणि यात्रेला?" गाडीतून मोनानं विचारलं, पण आता त्यात जोर नव्हता.

"यात्रेला माझ्याकडं उतर," ठमाबाई म्हणाल्या. "आळीभर पातळं वाळत घालायला मला माणूस लागतंच."

अविराज फोन कानाला लावून लांब गेला. आबा सवयीनं अप्पांच्या दाराकडं वळले.

"ऱ्हाऊ दे, दादा," अप्पा म्हणाले. "आज मी लावतो."

त्यांनी कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं आणि अंधारात दिव्याच्या बटणासाठी चौकटीच्या उजव्या अंगाची भिंत चाचपडू लागले. वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर. ओट्याखाली उभे असलेले आबा बघत होते.

"डावीकडं, अप्पा," मग ते हळूच म्हणाले.